मुंगीची शिकवणी

मुंगीने पुस्तक उघडलं, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि ओठ घट्ट मिटले. बाई थांबल्या. सगळा वर्ग थांबला. बोट मात्र एकेका शब्दाखालून सरकत पानाच्या तळाशी पोचलं, आणि मग मुंगी खाली बसली.

"अगं, मोठ्याने!" बाई म्हणाल्या.

मुंगीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू चूक बाईंचीच होती.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण पहिलीच्या वर्गात सगळे तिला मुंगीच म्हणत. आली कधी, गेली कधी, कुणाला पत्ता लागत नसे. वर्ष संपत आलं तरी वर्गात तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. "घरी बोलते हो बाई," तिची आई काकुळतीने सांगायची. "चार परकी माणसं दिसली की तोंडाला कुलूप."

मुख्याध्यापकांना कुलपं आवडत नसत. "वाचता येतं हे ऐकल्याशिवाय कसं कळणार?" ते म्हणाले. "परीक्षेला मी स्वतः एक पान वाचायला देईन. वाचलं तर दुसरीत. नाहीतर पुन्हा पहिली."

बाईंनी मुंगीच्या बाकाकडे पाहिलं. सगळी मुलं पुढे जाणार आणि ही एकटी नव्या, अनोळखी मुलांत बसणार. मग ते कुलूप उघडायचं कुणी?

वर्गात ज्या बडबड्या मुलाला सगळे रेडिओ म्हणत, त्याच्याशेजारी त्यांनी मुंगीला बसवलं.

रेडिओला बंद करायचं बटण नव्हतं. पाठ्यपुस्तकातलं कुठलंही पान काढून द्या, गाडी सुसाट. त्याची ताई याच वर्गातून पुढे गेली होती, त्यामुळे ही पुस्तकं त्याच्या घरात आधीपासूनच घोकली जात होती.

"हिला वाचायला शिकवशील ना रे?" बाईंनी विचारलं.

"शिकवीन की! त्यात काय!" रेडिओ म्हणाला, आणि दप्तर सरकवून त्याने मुंगीला जागा करून दिली.

काही दिवसांतच त्या बाकावर काहीतरी शिजायला लागलं. बाई फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. दोन डोकी एका पुस्तकावर. बोट तिचं, आवाज त्याचा. प्रत्येक ओळीआधी रेडिओ थांबायचा, कान तिच्या तोंडाशी न्यायचा आणि मग खणखणीत वाचायचा.

'आधी तिला वाचू देतो,' बाईंना वाटलं. 'नाही जमलं की मग स्वतः वाचून दाखवतो.' एवढंसं पोर, पण धीर केवढा! वर्ग हाकताना हा धीर आपल्याला कधी जमला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या थोड्या ओशाळल्या.

शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावल्या. "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधलात वाटतं? वाण नाही पण गुण लागेल."

"लागतोय," बाई म्हणाल्या. "दोघांनाही लागतोय."

कारण रेडिओही बदलला होता. पूर्वी त्याची सगळी मर्दुमकी पाठ्यपुस्तकापुरती असायची. गोष्टीचं नवं पुस्तक हातात दिलं की त्याला नेमकी तहान लागायची, नाहीतर पेन्सिलचं टोक मोडायचं. आता तो मुंगीला घेऊन कपाटातली पुस्तकं एकामागून एक फस्त करत होता. शिकवणाराच जास्त शिकतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

एकदा बाईंना राहवलं नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी रेडिओला गाठलं. "काय रे, ती तुझ्याशी बोलते?"

"बोलते ना. एवढंसं." त्याने चिमूट दाखवली.

"काय बोलते?"

पहिल्यांदाच रेडिओची खरखर झाली. "ते आमचं गुपित आहे बाई."

बाई मुंगीकडे वळल्या. "तूच सांग. चांगलं कोण शिकवतं? मी का रेडिओ?"

मुंगी हसली. आवाज नाही, पण खांदे गदगदा हलेपर्यंत हसली. बाईंना इतका आनंद झाला, की उत्तर घ्यायचं त्या विसरूनच गेल्या.

परीक्षेच्या दिवशी मुख्याध्यापक एक कागद घेऊन आले. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता, म्हणजे पाठांतराची सोयच नव्हती. त्यांनी रेडिओला बाकावरून उठवून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"शेजारून सांगायचं नाही, कळलं?"

रेडिओने मान हलवली. त्याचा चेहरा उतरला.

मुंगी उभी राहिली. तिने कागद बाकावर ठेवला आणि पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. बोट पहिल्या ओळीवरून गेलं, दुसऱ्या ओळीवरून गेलं, शेवटच्या पूर्णविरामाशी थांबलं. ओठ मिटलेलेच.

"बघितलंत?" मुख्याध्यापकांनी खिशातलं पेन काढलं.

"सर, एक मिनिट." बाई पुढे आल्या. "तिला रेडिओबरोबर वाचायची सवय आहे. पहिली ओळ त्याला वाचू द्या. तो धीर देईल, मग ती पुढचं वाचेल. माझी खात्री आहे, सर."

मुख्याध्यापकांनी सुस्कारा सोडला. पेन तसंच उघडं धरून त्यांनी कागद खिडकीपाशी नेला आणि रेडिओच्या हातात दिला.

रेडिओ उभा राहिला. कागद जवळ धरला, मग लांब धरला. त्याचे कान लाल होत गेले.

"वाच ना रे," बाई हळूच म्हणाल्या. "मुंगीसाठी."

रेडिओने मुंगीकडे पाहिलं. मग सरांच्या उघड्या पेनाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, तिला माझ्याजवळ बसवा ना," तो म्हणाला. "तिने कानात सांगितल्याशिवाय मला वाचताच येत नाही."