उदंड प्रतिसाद

लातूरजवळच्या एका वसाहतीत घरं बांधणाऱ्या कंपनीनं रोज सकाळी हॉलमध्ये ध्यानवर्ग सुरू केला होता. त्याचा लोकांना किती फायदा झाला, हे मोजायला कंपनीनं पाठवलेली गीतांजली फॉर्म घेऊन आली. हॉल बायकांनी गच्च भरलेला. सगळ्या डोळे मिटून बसलेल्या, आणि मागच्या नळाखाली हंड्यांची रांग.

"मावशी, इथं येऊन काय मिळतं?" तिनं कडेला बसलेल्या केवळाबाईंना विचारलं.

"पाणी, माय. सगळ्या वसाहतीत ह्या एकाच नळाला येतंय. घरात पाइप आलेत, तोट्या तेवढ्या बसायच्या हायत."

फॉर्मवर आनंद, मैत्री आणि मनःशांती एवढेच पर्याय होते. गीतांजलीनं मनःशांतीवर खूण केली. पण तिला राहवलं नाही. खाली शेऱ्यात तिनं खरं ते लिहून टाकलं: 'घरोघरी पाणी आलं, तर या वर्गाला कुणीही येणार नाही.'

आठ दिवसांनी हॉलच्या दारावर कंपनीची नोटीस लागली.



'ध्यानवर्गाला मिळणारा उदंड प्रतिसाद कायम राहावा, यासाठी घरोघरी नळ बसविण्याचे काम थांबविण्यात येत आहे.'