काचेचा ग्लास

औरंगपुऱ्यातल्या बर्गरच्या दुकानात नात संस्कृती आप्पासाहेबांना समजावत होती, "आबा, चॉकलेट शेक काचेच्या उंच ग्लासातच भारी लागतो. घट्ट इतका पाहिजे की स्ट्रॉ मधोमध उभी राहिली पाहिजे." तेवढ्यात तिच्यासमोर तस्साच ग्लास आला, अन् आप्पासाहेबांसमोर कागदी कप.

आप्पासाहेबांचं टाळकंच सरकलं. "हिला काच अन् मला कागद? आम्ही काय रस्त्यावर पडलोय व्हय?" टेबलावर हात असा आपटला की शेजारच्यांचे फ्राईज खाली सांडले.

काउंटरवरची रूपा धावत आली. गावाकडं त्यांच्याच शेतात खुरपायला जाणाऱ्या कडूबाईची ती लेक. "आप्पासाहेब, ग्लास संपलेत. शेक तोच आहे, चवही तीच."

"ती चव घाल चुलीत! माणसाला काही मान असतो का नाय?"

रूपानं कप उचलला. 

 

"असतो की, आप्पासाहेब. तुमच्या ओट्यावर सगळ्यांना कपबशी अन् माझ्या आईला तेवढा कागदी कप. म्हणून तर तिनं तुमचा चहा सोडला."