पेन्शन की फंड

"पेन्शिनच लिव," चुलीपुढून मैनाबाई म्हणाल्या. "फंड मरनाऱ्या मानसानं घ्यावा. माहा नाऱ्या शंभर वर्सं बसून खाईन!"

नारायण हसला. बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर तो बाबू होता. वाढलेल्या ताटाशेजारी रेल्वेचा कागद पडला होता. नवी निघालेली पेन्शन हवी की जुना फंडच ठेवायचा, हे आज ड्यूटीवर जाताना लिहून द्यायचं होतं. पेन्शन, तो जगेल तोवर. फंड एकरकमी, मध्येच काही झालं तर बायकोच्या हातात. एकदा दिलं की बदल नाही.

चारुशीला वरण वाढत होती, पण लक्ष सिंधूकडे. पोरगी सवयीनं बापाच्या ताटाकडे निघालीच.

"तुझं दूध निवलं बघ," म्हणत चारुशीलानं तिला उचलून काखेत घेतलं. काल मुंग्यांचं निमित्त होतं, परवा मांजराचं.

"तू बी.ए. झालेली," नारायण म्हणाला. "तू सांग. काय लिहू?"

फंड म्हणावं, तर सासूच्या देखत, वाढल्या ताटावर नवऱ्याचं मरण बोलल्यासारखं. आणि पेन्शन म्हणावं, तर रोज मोरीचं दार लावून तो स्वतःचा रुमाल स्वतः धुतो, खोकला ऐकू येऊ नये म्हणून बादली खडखडवतो, ते आपण पाहिलंच नाही म्हणायचं.

"बोलत काहून नाई वो?" मैनाबाई वळल्या. "एवढी शिकली, अन् कुकवाले जपाचं मी सांगू तुले?"

"पेन्शन लिहा," ती म्हणाली.

"हां! आता कशी बोलली!"

नारायण तिच्याकडे बघत राहिला. मग सिंधूकडे. काखेतून सुटायला ती हातपाय झाडत होती. आईची मिठी ढिली होत नव्हती.

त्यानं खिशातलं पेन काढलं, एकच शब्द लिहिला आणि कागद चारुशीलाच्या बाजूला सरकवला.

फंड.

मैनाबाईंना वाचता येत नव्हतं. "लिवलं ना रे?"

"लिवलं, माय." त्यानं ताट पुढे ओढलं. भाकरी मोडता मोडता, मान वर न करता चारुशीलाला म्हणाला, "सिंधूचं ताट आजपासून वेगळं मांडत जा. तिकडे, दाराजवळ."

मैनाबाईंचा तव्यावरचा हात थांबला.

"काहून रे? बापाच्या ताटातला घास लेकराच्या अंगी लागते."