डाळिंबी पैठणी

दिगंबरकाकांनी पैठणीची घडी उलगडली. येवल्यातल्या त्यांच्या मागावर ती सहा महिने विणली जात होती. गडद लाल अंग, काठावर पोपट.

चैतालीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. ती पैठणीकडे बघतच राहिली.

"काका, मी फोनवर डाळिंबी सांगितली होती ना?"

"मग ही काय आहे, बाळ?"

काकूंनी पाहुणीसाठी बशीत डाळिंब सोलून ठेवलं होतं. चैतालीने त्यातला एक दाणा उचलून पैठणीवर ठेवला.

"हा रंग हवा होता."

दाणा तांदळासारखा पांढरा होता. रंग बनवण्यात झाडांची ताकद वाया जाते म्हणून बियाणेवाल्यांनी पिकांमधली रंगाची जनुकं बंद केली आणि वाऱ्यावरच्या परागांबरोबर ते लोण रानावनात पोचलं. चैतालीचा जन्म त्यानंतरचा.

"आणि जांभळी म्हणजे गं?" काकांनी हळूच विचारलं.

"तीही पांढरीच. जरा मळकट."

काकांनी दाणा उचलला, पैठणीवरून हात फिरवला.

"मग ह्या रंगाला तुम्ही काय म्हणता?"

चैतालीने मोबाइलवर रंगांचा तक्ता उघडून ताडून पाहिलं.

"ह्याला नाव नाहीये, काका. लाल, नंबर बावन्न."