मांडव कापणारा भाडेकरू

आमच्या भाडेकरूला, शिवतेजला, रीत म्हणून कळत नाही. साताऱ्याचा पोरगा, अग्निशमन दलाचा स्वयंसेवक. फोन वाजला की भरलं ताट टाकून पळतो. तेही मी चालवून घेतलं. पण नातवाच्या हळदीला, धवलारीण लग्नाची गाणी गात असताना, यानं गल्लीतला माझा मांडव कोयत्यानं कापला. वर ओरडतोय, "मागं आग लागलीय, बंब आत जाऊ द्या!"

आज हाच पोरगा एक कागद घेऊन दारात आला. अग्निशमन केंद्राजवळ राहणाऱ्या स्वयंसेवकाला घरभाड्यासाठी मदत मिळते, त्यावर घरमालकिणीची सही पाहिजे, तीही आजच. नाहीतर याला लांब द्रोणागिरीला स्वस्त खोलीत जावं लागणार आणि दलातून नाव कटणार.

"आये, सही करू नको," माझा धनेश उसळला. "वीस वर्षं आपल्याशी वैर धरलेल्या गोजराकाकीच्या घराची आग विझवायला यानं हळदीचा मांडव कापला. खोली खाली करून घे."

मी शिवतेजकडे बघितलं. वाटलं, आता पाया पडेल.

"आजी, पुन्हा आग लागली तर पुन्हा कापीन," तो म्हणाला.

धनेशनं त्याची कॉलर धरली. मी पेन मागितलं. सहीला मला वेळ लागतो, एकेक अक्षर जुळवावं लागतं. कागद शिवतेजच्या हातात कोंबला आणि धनेशदेखत म्हटलं,

"राहा हितंच, मेल्या. माझी जाऊ गोजरा त्या दिवशी जळून मेली असती, तर मी भांडले असते कोनाशी?"