प्लॅस्टिकमधली बाहुली

“कागद काय बघतेस? बाळाला उचलताना तिचे हात बघ,” नर्स म्हणून रिटायर झालेल्या समोरच्या काकू म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. बाळ सांभाळायला आलेल्या मोनालीकडे कौशल्य केंद्राचं सर्टिफिकेट होतं, तेही लॅमिनेट केलेलं.

आज सफरचंदाची फोड बाळाच्या घशात अडकली. ते निळं पडायला लागलं आणि मोनाली त्याच्या तोंडात पाणी ओतू लागली. माझी किंकाळी ऐकून काकू धावत आल्या. त्यांनी बाळाला हातावर पालथं घेतलं आणि पाठीत थापा मारल्या. फोड बाहेर पडली, बाळ रडलं.

मी मोनालीवर तुटून पडले. “काय शिकलीस गं त्या केंद्रात? चालती हो!”

“ताई, हे शिकवायला बाहुली होती वर्गात,” ती हुंदके देत म्हणाली. “पण मॅडम तिचं प्लॅस्टिकच काढू द्यायच्या नाहीत. तपासणीला दाखवायचीय, खराब होईल म्हणायच्या. आम्ही तिच्याबरोबर नुसते फोटो काढले.”

“घे,” काकूंनी तिच्या हातात उशी कोंबली. “हे बाळ समज. रडायचं ते नंतर रड.”

बघता बघता मोनालीचा हात उशीवर नेमका बसायला लागला, आणि माझं डोकं आणखी भडकलं. पाच मिनिटांत येणारी गोष्ट, ती हिला फोटोपुरती दाखवली! उद्या त्या केंद्रात जाऊन ते प्लॅस्टिक मीच फाडणार आहे.

तुमच्याकडेही बाळ सांभाळायला कुणी मुलगी येत असेल, तर आजच तिला जवळ बसवून विचारा, बाहुलीला हात लावू दिला होता का?