मुठीतला प्रोब

शेलारच्या औषधांच्या गोदामात तापमान मोजणारे वायरलेस सेन्सर बसवायचं काम चाललं होतं. कुणालनं तापमान टिपणाऱ्या प्रोबच्या वायरी आकडे पाठवणाऱ्या रेडिओच्या डबीत स्क्रूनं आवळल्या, डबीला नंबर दिला आणि नेहमीसारखं प्रोबचं टोक मुठीत धरलं. अंगाची ऊब लागली की आकडा वर चढतो. प्रोब धड आहे की नाही, हे बघायची त्याची आणि जोडीदार भावेशची ही साधी रीत.

लॅपटॉपसमोर बसलेला भावेश म्हणाला, "चोवीसच दाखवतोय. हालत न्हाय."

कुणालनं वायरी सोडल्या, पुन्हा आवळल्या. तरी चोवीसच. त्यानं दुसरा प्रोब जोडून मुठीत धरला. तोही चोवीसवरच बसून राहिला.

"अख्खा लॉटच खराब आलाय वाटतं," असं पुटपुटत भावेश उठला आणि तोच प्रोब त्यानं स्वतःच्या मुठीत दाबला. स्क्रीनवरचा आकडा सरसर चढत तेहेतीसला गेला.

"प्रोब चांगला हाय रे!" म्हणत त्यानं कुणालचा हात धरला, आणि दचकून सोडला. "किती गार पडलाय हात तुझा! एसीत तर मी पण हाय."

कुणाल पुढच्या डबीचं झाकण उघडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"भाऊ दुबईवरून निघालाय, संध्याकाळपर्यंत पोचंल. तोवर आमच्या आयला बर्फावर ठेवलीय. मी इथं कामावर येईपर्यंत तिचाच हात धरून बसलेलो."